तक्रारवहीतले आभार

त्यांच्यावर उपकार करायला लोक घाबरत. ते रस्त्याने येताना दिसले की ओसरीवर बसलेला माणूस उठून आत जाई. ते वाईट होते म्हणून नव्हे. त्यांना बसायला घोंगडी टाकली किंवा तांब्याभर पाणी दिलं, तर आठ दिवसांच्या आत घरी कागद येई. कागद उर्दूत असे. खाली सही, सहीखाली तारीख आणि शेजारी जांभळ्या शाईचा शिक्का. शिक्का त्यांनी स्वतःच्या नावाचा करून घेतला होता. तो सरकारी नव्हता, पण गोल होता. कागदात आभार मानलेले असत.

ते सेवानिवृत्त गिरदावर होते. निजामाच्या राज्यात गिरदावर म्हणजे महसूल खात्याचा फिरता अधिकारी. पटवाऱ्यांची दप्तरं तपासायची, उभी पिकं पाहायची, बांधाचे तंटे जागेवर जाऊन ऐकायचे आणि जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहून वर पाठवायचं. हे काम त्यांनी परभणी जिल्ह्यात तीस वर्षं तट्टावर बसून केलं. घरची भाषा मराठी होती, पण लिहिणं आयुष्यभर उर्दूत झालं. पोलिस ॲक्शननंतर कचेऱ्यांचा कारभार बदलला, तेव्हा त्यांनी मुदतीआधी पेन्शन घेतली. कारण विचारलं तर सांगत, "मराठीत बोलतो ठीक. लिहायला बसलो की अक्षरं वाळत घातलेल्या धोतरासारखी दिसतात."

मी त्यांच्या घरात दोन वर्षं भाड्याने राहिलो. माळवदाची एक खोली, बाहेर कडुलिंब, पलीकडे ते आणि त्यांची पत्नी. मी तेव्हा एका साप्ताहिकाला बातम्या पाठवत असे. गाव स्टेशनचं होतं. गावाचं आणि स्टेशनचं नाव इथे देत नाही, कारण पुढे सांगतो त्या प्रकरणातले काही जण अजून पेन्शन घेत आहेत.

तोंडी आभार ते मानत नसत. "तोंडचं काय," ते म्हणत, "चूळ भरली की गेलं." लेखी आभारांचा एक नमुना त्यांनी ठरवला होता आणि तो पंचनाम्याचा होता. मौजे अमुक, वार अमुक, दिवस किती घटका वर आलेला, हजर इसम कोण, प्रत्यक्ष काय घडलं, आणि शेवटी 'सनद रहे', म्हणजे पुरावा म्हणून राहावं. जे घडलं ते सगळं लिहायचं, असा नियम होता. पाणी कोमट असेल तर कोमट लिहिलं जाई. एका वैद्याला त्यांनी कळवलं की औषधाने गुण आला नाही, मात्र दोन कोस चालत येऊन औषध दिलं ही गोष्ट खरी. वैद्याने बोलणं सोडलं. त्याचं त्यांना आश्चर्य वाटलं. चालत आल्याची नोंद दुसऱ्या कुणी केली असती का, असं त्यांचं म्हणणं होतं.

पेडगावची हकीकत मला गिरदावरांकडून आणि तिथल्या एका शेतकऱ्याच्या घरून कळली, आणि दोन्ही हकीकती जुळतात. गिरदावर एका सोयरिकीसाठी तिकडे गेले असता गाडीचा आस मोडला. सुतार येईपर्यंत रस्त्याकडेच्या एका शेतकऱ्याच्या सुनेने त्यांना लिंबाखाली बसवलं आणि ताक दिलं. आठव्या दिवशी कोतवाल कागद घेऊन गेला. कोतवाल आता त्यांच्या हुकुमाखाली नव्हता, पण सवयीने नेई. म्हाताऱ्या सासऱ्याने शिक्का पाहिला आणि आधी जमिनीच्या कागदांची पेटी उघडून पाहिली. त्या घरात उर्दू कागद आधी दोनदाच आला होता, आणि दोन्ही वेळा जमिनीचा तुकडा गेला होता. गावात उर्दू वाचणारं कुणी उरलं नव्हतं. बापलेक परभणीला गेले आणि एका वकिलाच्या कारकुनापुढे कागद ठेवला.

कारकुनाने कागद दोनदा वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली.

"यात काही नाही," तो म्हणाला.

"काहीच न्हाई?"

"ताक आहे. एक तांब्या. मीठ घातलेलं. दुसऱ्या तांब्याला हे नको म्हणाले, तरी तुमच्या सुनेने दिला."

"मग?"

"मग पिलं."

म्हाताऱ्याने शिक्क्यावर बोट ठेवलं. "आन् जमीन?"

"जमिनीचं नाव नाही."

कागद त्यांनी जमिनीच्या कागदांबरोबर पेटीत ठेवला. न ठेवण्याची हिंमत कुणाला झाली नाही. त्यानंतर घरापुढे गाडी थांबली की सून आधी आतूनच विचारी, "लिहिनारा हाय का साधा हाय?"

पालमच्या बाजारात एका कापडवाल्याने मोटारीची वाट पाहत उन्हात उभे असलेले गिरदावर पाहिले आणि तो दुकानातून ओरडला, "साहेब, सावलीत बसा, पन लिहू नका!" गिरदावर म्हणाले, "मग उभा राहतो." मोटार दीड तासाने आली. ते उभे होते.

हे सगळं कशासाठी, असं मी एकदा विचारलं. त्यांनी उत्तर तयार ठेवल्यासारखं दिलं.

"तीस वर्षं मी ह्या मुलखाच्या चुका लिहिल्या. कुणी बांध कोरला, कुणी झाड तोडलं, कुणी खोटी गवाही दिली. तालुक्याच्या दप्तरात जा, माझ्या हातचे गठ्ठेच्या गठ्ठे पडलेत. त्यात एक कागद असा नाही की ह्या माणसाने त्या माणसाला पाणी पाजलं. उद्या शंभर वर्षांनी कुणी दप्तर उघडलं तर काय म्हणंल? म्हणंल, इथं सगळे चोरच राहायचे."

"पण तुम्ही हे कागद दप्तरात कुठे ठेवता? लोकांच्या घरी पाठवता."

"दप्तरात घेईनात. दोनदा दिले." ते म्हणाले, "आता मराठी दप्तर आहे."

स्वभावाने ते गोड नव्हते. घासाघीस करत, भांडत, भाजीत मीठ कमी असेल तर ताट सरकवत. त्यांची पत्नी, त्यांना मी काकू म्हणे, एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, "भाऊ, चाळीस वर्सं झाली ह्यांच्या पुढं ताट वाढायलेय. ताकवालीला कागद गेला. मला एक चिठ्ठी न्हाई."

"घरातल्याचा पंचनामा होत नाही," गिरदावर म्हणाले. "गवाह कोण?"

"हे भाऊ हायत की."

"हे भाडेकरू. त्यांची गवाही धरत नाहीत."

माझ्या बातम्यांबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. रोज संध्याकाळी ते बाजेवर बसून विचारत, आज काय पाठवलं? एका पावसाळ्यात ओढ्यावरचा पूल वाहून गेला. संबंधित खात्याची बेपर्वाई, प्रवाशांचे हाल, असा मजकूर मी पाठवला होता. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला.

"तुमी त्या दिवशी पलीकडच्या गावी गेला होता ना?"

"हो."

"ओढा कसा ओलांडला?"

मी सांगितलं की मेंढरं घेऊन उभ्या असलेल्या दोघांनी मला हाताची कडी करून पलीकडे नेलं.

"हे बातमीत आहे?"

"नाही."

"म्हंजे बातमी अर्धी. पूल गेला ते लिहिलं, माणूस पोचला ते लिहिलंच नाही."

"संपादक छापायचे नाहीत."

"मग संपादकांना एकदा ओढ्यात उभं करा."

त्यांचा उजवा गुडघा वाकत नसे. नोकरीच्या शेवटच्या वर्षी तट्टावरून पडल्याने तो कायमचा ताठ झाला होता. चालताना तो पाय काठीसारखा पुढे पडे आणि हातातली काठी त्याच्याबरोबर. हे इथे सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं त्या गुडघ्यामुळे घडलं.

आमच्या स्टेशनला उंच फलाट नव्हता. रुळाशेजारी खडी आणि मुरूम टाकलेली सपाट जागा, तोच फलाट. डब्याच्या शेवटच्या पायरीपासून जमीन कमरेइतकी खाली असे. धडधाकट माणसं उडी मारत. बायका बसून घसरत. गिरदावर सहसा रेल्वेने जात नसत, पण त्या उन्हाळ्यात ते डोळे दाखवायला परभणीला गेले आणि दुपारच्या पॅसेंजरने परत आले. दारात आले, खाली पाहिलं आणि दांडी धरून तसेच थांबले.

स्टेशनवर एक हंगामी पोर्टर होता. वय बावीस-तेवीस. तीन पिढ्या मेंढरं राखणाऱ्या घरातला, आणि त्या घरातला पगारी नोकरीवर गेलेला पहिलाच. त्याची नोकरी त्या वर्षी कायम व्हायची होती. कायम झाल्यावर लग्न, असं मुलीच्या बापाने ठरवलं होतं. तारीख धरायची बाकी होती ती तेवढ्यासाठीच.

पोर्टरने दारात अडकलेले गिरदावर पाहिले. तो धावत ऑफिसात गेला, स्टेशनमास्तरांची खुर्ची उचलली, आणून डब्याखाली खडीवर ठेवली आणि तिचे दोन्ही हात घट्ट धरून उकिडवा बसला. स्टेशनमास्तर त्या वेळी इंजिनाजवळ होते. गार्डने हिरवं निशाण वर केलं होतं, ते खाली घेतलं.

"उतरा साहेब. म्या धरलंय."

गिरदावर उतरले. गाडी गेली. त्यांनी खिशातलं घड्याळ पाहिलं, खुर्चीचा पाय पाहिला आणि लंगडत ऑफिसात गेले. मी तिथे डाकेचं पाकीट द्यायला आलो होतो, म्हणून पुढचा संवाद माझ्या कानांवर पडला.

"वही आणा," ते स्टेशनमास्तरांना म्हणाले.

"कसली?"

"आभाराची."

"आभाराची वही नसते, साहेब. तक्रारीची आहे."

"ती आणा."

"तुमची तक्रार काय आहे?"

"तक्रार नाही."

"मग वही कशाला?"

"तक्रार नाही हे लिहायला."

स्टेशनमास्तर पुण्याकडून नव्याने बदलून आलेले होते. प्रवाशाने तक्रारवही मागितल्यास नाही म्हणता येत नाही हा नियम त्यांना पाठ होता, आणि गिरदावरांची ख्याती अजून त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. त्यांनी वही दिली. गिरदावरांनी पान भरून उर्दूत लिहिलं, सही केली, खिशातून शिक्का काढून उमटवला.

"काय लिहिलंत?" स्टेशनमास्तरांनी विचारलं. त्यांना उर्दू येत नव्हतं.

"जे घडलं ते."

त्या वहीतलं पान फाडता येत नसे. पानांना छापील आकडे होते, आणि प्रत्येक तक्रारीची एक प्रत वरच्या कचेरीत जाई. ती गेली. तिथेही उर्दू वाचणारं कुणी उरलं नव्हतं. मजकूर वाचता आला नाही, पण पान तक्रारवहीचं होतं, पानभर लिहिलेलं होतं, शिक्का होता आणि मजकुरात दोन ठिकाणी रेघ ओढली होती. तेव्हा तक्रार गंभीर असली पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. महिन्याभराने पत्र आलं की तक्रारीचा मजकूर भाषांतर करून पाठवावा, आणि तोपर्यंत त्या स्टेशनवरच्या हंगामी कर्मचाऱ्याला कायम करण्याचे कागद थांबवावेत.

स्टेशनमास्तर पान घेऊन माझ्याकडे आले. माझी शाळा उर्दूत झाली होती. मी भाषांतर केलं, शब्दाला शब्द. त्यात लिहिलं होतं की अमुक नावाच्या पोर्टराने कुणी न सांगता, कुणाची परवानगी न घेता ऑफिसातली सरकारी खुर्ची बाहेर आणून प्रवाशाला उतरवलं. खुर्ची खडीवर ठेवल्याने तिच्या डाव्या पुढच्या पायाला चरा गेला. गाडी यासाठी तीन मिनिटं जास्त थांबली. असा माणूस मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही. सनद रहे. रेघा 'कुणी न सांगता' आणि 'तीन मिनिटं' या शब्दांखाली होत्या. एक आपणहून केल्याची कदर म्हणून, दुसरी गार्डच्याही भलेपणाची नोंद म्हणून.

स्टेशनमास्तरांनी भाषांतर वाचलं आणि कागद मांडीवर ठेवला.

"ही तक्रार असती तर बरं झालं असतं," ते म्हणाले.

भाषांतर बिनचूक होतं. एक ओळ गाळली असती तर कुणाला कळलं नसतं, हे मला नंतर सुचलं.

भाषांतर वर गेलं आणि प्रकरण वाढलं. सरकारी सामान विनापरवाना बाहेर नेणं, सामानाचं नुकसान, गाडीला उशीर. शेवटी एक साहेब चौकशीला आले. सकाळच्या गाडीने आले, दुपारच्या गाडीने परत जायचं होतं. हिंदी बोलत. त्यांचं बोलणं इथे मराठीत देतो.

साहेब कठोर नव्हते. त्यांनी सगळं ऐकलं आणि गिरदावरांना समोर बसवून म्हणाले, "तुमचा हेतू चांगला होता हे मला दिसतंय. पण हेतूसाठी फॉर्मात रकाना नाही. खुर्ची बाहेर गेली हे लिहिलेलं आहे. ते लिहिलेलं असेपर्यंत हा मुलगा कायम होत नाही. कदाचित राहतही नाही."

"मग?"

"लिहिणाऱ्याने लिहून दिलं की लिहिण्यात चूक झाली, खुर्ची आणली नव्हती, तर मी फाइल बंद करू शकतो. वयामुळे विसर पडला, असं म्हणता येईल."

"मला विसर पडलेला नाही."

"मग मुलगा जाईल," साहेब म्हणाले. त्यांनी ते आवाज न चढवता सांगितलं.

गिरदावरांनी वेळ मागितला आणि ते बाहेर बाकावर जाऊन बसले. नोकरीत एका जहागीरदाराने एक अहवाल मागे घ्या म्हणून त्यांच्यावर दोन महिने दबाव आणला होता. अहवाल मागे घेतला नाही, म्हणून त्यांची बदली झाली होती. हे त्यांनी मला अनेकदा सांगितलं होतं आणि दर वेळी त्याच शब्दांत. त्या दिवशी सांगितलं नाही. मी बाजूला उभा होतो. थोड्या वेळाने पोर्टर आला आणि त्यांच्यापुढे खाली बसला.

"साहेब, खुर्ची आनलीच न्हाई म्हना."

"आणली की रे तू."

"आनली. ते तुमाला ठाव हाय, मला ठाव हाय. वहीला कशाला ठाव पायजे?"

"वहीत नसलं तर झालंच नाही असं होतं, लेका."

"कसं हुईल? तुमी उतरला न्हवं? घरी गेला न्हवं?" पोर्टर हसला. "आमच्याकडं मेंढरू अडलं तर रातभर बसत्यात मानसं. कोन लिहितंय? मेंढरू जगलं की झालं."

"तू का आणलीस खुर्ची? माझ्यापास्नं काय मिळणार होतं तुला?"

"तुमी दारात हुभं व्हता. दुसरं काय जवळ दिसंना." मग त्याने विचारलं, "साहेब, राग न्हाई ना आला? माझ्यापाई खोटं लिहावं लागायलंय."

गिरदावरांनी त्याच्याकडे पाहिलं. ते काठीवर भार देऊन उठले आणि आत गेले.

साहेबांनी सांगितलं की या वेळी उर्दूत नको. गिरदावर देवनागरीत लिहू लागले. प्रत्येक अक्षर काढून झाल्यावर हात उचलत होते. चार ओळींना वीस मिनिटं लागली. मजकूर असा होता: वहीत लिहिलेलं बरोबर नाही. खुर्ची आणली नाही. मी आपला आपण उतरलो. पोर्टराने काही केलं नाही.

शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते त्यांनी स्वतः घातलं.

साहेबांनी कागद वाचला, मग काठी पाहिली, मग टेबलाखाली पुढे सरळ पडलेला पाय.

"आपले आपण कसे उतरलात?"

"उडी मारून."

साहेबांनी कागद टेबलावर ठेवला.

"माझा विश्वास बसला असं धरा," साहेब म्हणाले. "पण वर हाच प्रश्न मला विचारतील. मी काय सांगू?"

"मौका पाहा," गिरदावर म्हणाले. जागेवर जाऊन पाहणी करणं याला ते मौका पाहणं म्हणत. "गाडी येतेच आहे. डोळ्यांनी पाहिलं असं सांगा."

स्टेशनमास्तर म्हणाले, "साहेब, जाऊ द्या, याची गरज नाही."

"कागदाला गवाह लागतो," गिरदावर म्हणाले.

दुपारची पॅसेंजर वेळेवर आली. चढताना कुणी धरू नये असा नियम नव्हता, म्हणून मी आणि स्टेशनमास्तरांनी त्यांना एका डब्यात चढवलं. ते दारात वळून उभे राहिले. साहेब शेजारच्या डब्यात बसून खिडकीतून बाहेर वाकले होते. पोर्टर दारापासून एका हाताच्या अंतरावर उभा होता. त्याची तिथे ड्यूटीच होती. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेऊन एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरलं होतं.

गिरदावरांनी काठी आधी खाली टाकली. मग दांडी सोडली आणि उडी मारली.

ते डाव्या पायावर आले, ताठ पाय पुढे फाकला आणि ते खडीवर दोन्ही हातांवर पडले. टोपी रुळाकडे गेली. पोर्टरने एक पाऊल टाकलं.

"हलू नको," गिरदावर जमिनीवरून म्हणाले.

तो थांबला. गार्ड हातातलं निशाण घेऊन पाहत राहिला. गिरदावरांनी काठी हातात घेतली, ती मुरमात रोवली आणि तिच्या आधाराने, ताठ पाय बाजूला ओढत उभे राहिले. याला बराच वेळ लागला. तळहातांना रक्त आलं होतं. ते त्यांनी धोतराला पुसलं नाही, मुठी मिटून घेतल्या.

"बरं," साहेब खिडकीतून म्हणाले. कागदाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली. "मी पाहिलं. फाइल बंद होईल."

गार्डने हिरवं निशाण दाखवलं. गाडी निघाली. साहेबांचं डोकं खिडकीबाहेर होतं, त्यामुळे फलाटावर कुणी जागचं हललं नाही. गिरदावर काठीवर ताठ उभे होते, पोर्टर हात पाठीशी बांधून त्यांच्या शेजारी. गार्डचा डबा समोरून गेला. गाडी सिग्नलच्या पुढे जाऊन वळणाला लागली.

"गेली का?" गिरदावरांनी विचारलं. त्यांची मान तिकडे वळत नव्हती.

"गेली साहेब."

"दिसत नाही ना आता कुणी?"

"न्हाई."

"मग आता धर."

पोर्टरने त्यांना दोन्ही हातांनी धरलं, तेव्हा त्यांचा सगळा भार त्याच्या अंगावर आला.